रोजच्या धावपळीत उपकारस्तुती: नव्याने सुरुवात करणाऱ्या ख्रिस्ती भावाबहिणींसाठी

प्रिय भावाबहिणींनो, जय ख्रिस्त.

मी लग्नानंतर नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून नवी मुंबईतल्या ऐरोलीला आले. गावात विश्वास वेगळा शोधावा लागत नसे. चर्चची घंटा, संध्याकाळी आजोबांनी घरात घेतलेली प्रार्थना, पेरणीआधी बियाण्यावर हात ठेवून केलेली विनंती हे सगळे दिवसातच विणलेले होते. ऐरोलीत आल्यावर ती वीण सुटली. पहाटे पाण्याची वेळ, दोन डबे, लोकल, तुर्भ्याच्या बाजार समितीतल्या गाळ्यावर दिवसभर हिशेब, परत आल्यावर स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास, अशा क्रमात देव रविवारपुरता उरला आणि पुढे काही रविवारही सुटू लागले.

उपकारस्तुतीतून, म्हणजे देवाचे उपकार ओळखून त्याचे आभार मानण्यातून, दिवसाच्या आत देवाला पुन्हा जागा करून देण्यास मला जवळपास तीन वर्षे लागली, आणि त्यातला बराच काळ चुकीच्या पद्धतीने प्रयत्न करण्यात गेला. जन्माने ख्रिस्ती असूनही ज्यांचा विश्वास कोरडा पडला आहे, ज्यांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला आहे किंवा जे कामानिमित्त ठाणे-नवी मुंबईत येऊन आपल्या मंडळीपासून तुटले आहेत, त्यांचा तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे. मात्र येथे सांगितलेल्या गोष्टी केल्याने पगार वाढेल, आजार हटेल किंवा घराचा हप्ता लवकर फिटेल असे आश्वासन मी देत नाही. तसे आश्वासन जो कोणी देईल, त्याच्यापासून सावध राहावे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

१. मराठी पवित्र शास्त्र, शक्यतो छापील. मोबाइलवरील चालते, परंतु त्याच पडद्यावर कामाचे निरोप येत राहतात आणि वाचन दोन ओव्यांत (वचनांत) तुटते.

२. शंभर पानी साधी वही आणि तिच्याच सोबत राहील असा पेन.

३. तुमच्या परंपरेतले गीतपुस्तक. मराठी प्रॉटेस्टंट घरांत ‘उपासना संगीत’ बहुधा असतेच. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपल्या उपासनेला अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची पदे दिली. जी प्रार्थना बोलताना सुचत नाही ती अशा पदांतून म्हणता येते, हे मी अनेक थकलेल्या संध्याकाळी अनुभवले आहे.

४. बाप्तिस्म्याचा दाखला आणि पूर्वीच्या मंडळीचे सभासदत्वाचे पत्र. यांची गरज सातव्या पायरीवर पडेल, पण गावी जाणे वर्षातून एकदाच होत असेल तर आत्ताच मागवून ठेवावे.

पायरी १: ‘उपकारस्तुती’ हा शब्द नीट समजून घ्या

मराठी पवित्र शास्त्रात आभार मानण्यासाठी ‘उपकारस्तुती’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. लहानपणापासून तो इतक्या वेळा कानावर पडला होता की त्यात दोन शब्द आहेत हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आधी उपकार ओळखायचा आणि मग तो करणाऱ्याची स्तुती करायची, असा क्रम त्या शब्दातच घातलेला आहे. आपण बहुतेक वेळा पहिला भाग गाळतो आणि थेट स्तुतीला लागतो. मग प्रार्थनेचे शब्द मोठे होतात आणि मन मात्र रिकामे राहते.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकटा परत येतो. तो शोमरोनी, म्हणजे यहूदी लोकांच्या दृष्टीने परका. त्या कथेत लूक एक बारीक गोष्ट नोंदवतो: आपण बरे झालो आहोत हे त्याने पाहिले, आणि मग तो मागे फिरला. बाकीचे नऊ जण दुष्ट नव्हते. याजकांना जाऊन दाखवा असे येशूनेच त्यांना सांगितले होते आणि ते सांगितल्याप्रमाणे पुढे निघाले होते. आपण बहुतेक दिवस त्या नऊ जणांतले असतो, कारण पुढचे काम वाट पाहत असते. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या मुळात एकाच गोष्टीसाठी आहेत: चालता चालता थांबून पाहणे, आणि ज्याने दिले त्याच्याकडे वळणे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. ‘आज बरे वाटते आहे’ ही भावना आहे आणि ती चांगलीच आहे, परंतु ती कोणाला उद्देशून नसते. उपकारस्तुती पित्याला उद्देशून असते. म्हणून मनातल्या मनात समाधान मानून न थांबता, ‘बापा, हे तुझ्याकडून आले’ असे एक पूर्ण वाक्य ओठांवर आणावे, मग ते कुजबुजीत का असेना.

पायरी २: सकाळची पाच मिनिटे, मोबाइल हाती घेण्यापूर्वी

पाचच मिनिटे ठरवा. मी पहिल्या वर्षी वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा निश्चय केला होता, आणि लेवीयच्या पुस्तकात यज्ञांचे नियम सुरू झाल्यावर वाचन थांबले. त्याचा अपराधीपणा इतका वाटला की पुढचे चार महिने पुस्तकच उघडले नाही. नवख्या माणसाने लूकपासून सुरुवात करावी. त्याचे २४ अध्याय आहेत, रोज अर्धा अध्याय वाचला तरी दीड-पावणेदोन महिन्यांत पूर्ण होते, आणि त्यात जेवणाच्या पंगती, हरवलेली नाणी, शेजारी, पाहुणे असे आपल्या घरातले विषय भरपूर आहेत.

वाचनाआधी १०३ व्या स्तोत्राच्या पहिल्या पाच ओव्या म्हणाव्यात. त्यात स्तोत्रकर्ता आपल्या स्वतःच्या जिवाला बजावतो की परमेश्वराचे उपकार विसरू नकोस. जिवाला बजावावे लागते, कारण तो विसरतो. हे माहीत असले की सकाळी मन जड असताना स्वतःवर राग येत नाही.

पायरी ३: प्रवासाला प्रार्थनेची चौकट करा

गर्दीच्या डब्यात डोळे मिटून उभे राहणे अवघड आहे आणि धोक्याचेही आहे, म्हणून मी स्थानकांची मदत घेते. ऐरोलीहून तुर्भ्याला जाताना रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भे अशी चार वेळा दारे उघडतात. प्रत्येक स्थानकाला एक माणूस ठरवलेला आहे. रबाळ्याला मुलगा, घणसोलीला गावाकडची आई, कोपरखैरण्याला मंडळीतले कोणी आजारी, आणि तुर्भ्याला उतरताना त्या दिवशी ज्याच्याशी बोलणे सर्वांत अवघड जाणार आहे तो माणूस. त्या माणसाबद्दल देवाने केलेला एक उपकार आठवायचा आणि एक विनंती करायची. दारे बंद झाली की पुढचे नाव. ठाणे ते वाशी प्रवास करणाऱ्यांना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो आणि स्थानकेही जास्त मिळतात.

पाहण्याचाही सराव येथेच होतो. ऐरोलीच्या पुलावरून जाताना हिवाळ्यात भरती-ओहोटीच्या वेळा जुळल्या तर खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उभे दिसतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू आकाशातल्या पाखरांकडे पाहण्यास सांगतो, ते वाक्य मी कित्येक वर्षे ऐकले होते. बसच्या खिडकीतून त्या गुलाबी रांगा पाहून ते पहिल्यांदा आज्ञेसारखे ऐकू आले. येशूने खरोखरच पाहा असे सांगितले आहे.

पायरी ४: जेवणाआधीची प्रार्थना आठवड्यातून एकदा सावकाश करा

माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातली सर्वांत फळ देणारी पायरी हीच आहे, म्हणून येथे थोडे जास्त लिहिते.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असे म्हणतो. माझ्यासाठी भाकर म्हणजे ज्वारीची. माझे वडील रब्बीची मालदांडी पेरत. पावसाळा सरताना काळ्या रानात पेरणी व्हायची, मग जमिनीत धरलेल्या ओलीवरच पीक उभे राहायचे. कणीस भरू लागले की आम्ही पोरे माचाणावर बसून गोफणीने पाखरे राखायचो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, खळे, उफणणी. त्या वेळी भाकरीसाठी केलेली प्रार्थना समजावून सांगावी लागत नव्हती, कारण ओल कमी पडली की आईच्या परातीत पीठही कमी पडत असे.

शहरात पीठ पिशवीतून येते आणि पाणी नळातून येते, म्हणून देणारा दिसेनासा होतो. त्यावर उपाय म्हणून आठवड्यातल्या एका जेवणाला, आमच्याकडे शनिवारी रात्री, आम्ही ताटातल्या एका पदार्थाचा माग काढतो. भाकर घेतली तर: पाऊस, जमीन, पेरणारा, काढणी करणाऱ्या बाया, ट्रकचा चालक, बाजार समितीत पाठीवर पोते वाहणारा माथाडी कामगार, गिरणीवाला. पीठ मळायला लागलेले पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून आले, भोकरपाड्याला शुद्ध झाले आणि जलवाहिन्यांतून आमच्या इमारतीच्या टाकीत पोहोचले. एकेका नावासाठी एकेक जण आभार मानतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याने एकदा व्हॉल्व्ह उघडायला येणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्यासाठी प्रार्थना केली. त्या माणसाकडे मी इतकी वर्षे केवळ पाणी उशिरा सोडतो म्हणून पाहत आले होते.

येथे एक अडचण येईल आणि ती टाळू नये. मी गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, तयार करते. कांद्याचे भाव कोसळतात त्या आठवड्यात हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती उरते हे माझ्याच अक्षरात लिहिलेले असते. त्याच संध्याकाळी कांदा स्वस्त मिळाला म्हणून देवाचे आभार मानणे मला जमेना. पुष्कळ विचारानंतर मी असे करू लागले की ज्याच्या हातून अन्न आले त्याच्यासाठी विनंती केल्याशिवाय अन्नाची उपकारस्तुती पूर्ण धरायची नाही. पट्टीवरचे एखादे गाव लक्षात ठेवते आणि रात्री त्या गावाचे नाव प्रार्थनेत घेते. त्याने भाव वाढत नाही हे मला माहीत आहे, तरी शेतकऱ्याचा फोन आला की मी आता घाईने उत्तर देत नाही.

येशूने भाकर हाती घेऊन आभार मानल्याचे शुभवर्तमानांत पुन्हा पुन्हा लिहिले आहे. पाच हजारांना जेवू घालताना त्याने आभार मानले, आणि ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्रीही मानले. प्रभुभोजनाला जगभरच्या अनेक मंडळ्यांत जे ग्रीक नाव आहे, युखारिस्त, त्याचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. आपले रोजचे ताट आणि रविवारची ती भाकर यांच्यात हा एक सरळ धागा आहे.

पायरी ५: कामाच्या ठिकाणी एका श्वासाची प्रार्थना

नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात राजा त्याला विचारतो की तुझी मागणी काय आहे. नहेम्या आधी स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. दोन वाक्यांच्या मध्ये जेवढा वेळ असतो तेवढीच ती प्रार्थना. फोन उचलण्यापूर्वी, रागाचा निरोप पाठवण्यापूर्वी, रोकड मोजून जुळल्यावर अशा श्वासाएवढ्या प्रार्थना करता येतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू स्वयंपाकघरात राबत असत, आणि भांड्यांच्या गोंगाटातही वेदीसमोर गुडघे टेकल्याइतकेच आपण देवाजवळ असतो, असा त्यांचा अनुभव होता.

सावधगिरीची सूचना: कामाच्या ठिकाणी कोणी तुमचा पगार अडवून ‘आहे त्यात समाधानी राहा, तुम्ही तर देवाची माणसे’ असे म्हणाले, तर त्याला उपकारस्तुती समजू नका. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे असे लिहिले आहे. देवाचे आभार मानणाऱ्या माणसाने आपली हक्काची मजुरी जरूर मागावी.

पायरी ६: रात्रीची वही

लोयोलाचे संत इग्नाती सोळाव्या शतकात दिवसाच्या शेवटी मनाची तपासणी करण्यास शिकवत, आणि तिची पहिली पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानणे ही होती. चुकांची कबुली त्यानंतर येई. हा क्रम मला फार दयाळू वाटतो. चुकांपासून सुरुवात केली की थकलेले मन वही मिटून टाकते.

वहीत तारीख लिहून खाली तीन ओळी लिहाव्यात: आज पाहिलेला एक उपकार, तो ज्याच्या हातून आला तो माणूस, आणि आज जेथे मी चुकले ती एक जागा. जास्त लिहू नये. मात्र पहिली ओळ नेमकी असावी. ‘कुटुंबासाठी आणि आरोग्यासाठी धन्यवाद’ असे लिहिले तर चौथ्या दिवशीही तेच लिहिले जाईल आणि आठव्या दिवशी कंटाळा येईल. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: ‘तुर्भ्याच्या जिन्यावर पिशवी फाटली, तेव्हा एका अनोळखी मुलीने घरंगळलेले बटाटे गोळा करून दिले आणि तिची गाडी चुकली.’ ‘सासूबाईंनी आज पहिल्यांदा माझ्या हातच्या कालवणात मीठ बरोबर आहे असे म्हटले.’ ‘ताप उतरला, रात्री अडीच वाजता.’ वर्षभराने या ओळी वाचताना जे हाती लागते ते कोणत्याही प्रवचनातून मला मिळालेले नाही.

या पायरीवर तीन खाचखळगे आहेत. पहिला आणि सर्वांत घातक म्हणजे तुलना. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून आभारच मानतो: मी इतर माणसांसारखा नाही, म्हणून तुझे आभार. ‘रस्त्यावर झोपणाऱ्यांना पाहिले, देवाने आपल्याला घर दिले’ ही नोंद वरवर भक्तीची वाटते, परंतु तिच्यात दुसऱ्याचे दुःख आपल्या समाधानाची पायरी बनते. मी स्वतः अशा नोंदी पुष्कळ केल्या होत्या आणि नंतर त्या पानांसमोर बसून क्षमा मागितली. दुसरा खळगा म्हणजे वही लोकांना दाखवणे. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर असे प्रभूने सांगितले आहे, त्यामुळे रोजची नोंद मोबाइलच्या स्टेटसवर टाकण्याची गरज नाही. तिसरा म्हणजे मुलांकडून सक्तीने वही भरून घेणे. ते करू नये.

पायरी ७: मंडळी शोधा, आणि कागदपत्रे घेऊन जा

एकट्याची उपकारस्तुती काही महिने टिकते. पुढे तिला इतरांचे आवाज लागतात. ठाणे परिसरात ख्रिस्ती उपासना आजची नाही. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती ठाण्यातच विश्वासासाठी मारले गेले. तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचे आहे, आणि सेंट जेम्स चर्चचे समर्पण बिशप हेबर यांच्या हस्ते १८२५ मध्ये झाले. नव्याने आलेल्याला येथे परके वाटण्याचे कारण नाही.

चौकशी करताना मराठी उपासना किंवा मराठी मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) कोणत्या रविवारी आणि किती वाजता असते हे आधी विचारून घ्यावे, कारण अनेक ठिकाणी भाषेनुसार वेळा वेगळ्या असतात. एका रविवारात मत बनवू नये, किमान सहा आठवडे जावे. उपासनेनंतर पाळकसाहेबांना किंवा फादरना भेटून आपला पत्ता द्यावा. सोबत बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरण (कन्फर्मेशन) झाले असल्यास त्याचा दाखला, विवाहित असल्यास विवाहाचा दाखला, आधीच्या मंडळीचे पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती ठेवाव्यात. हे दाखले पुढे मुलांचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफनभूमीच्या बाबतीतही विचारले जातात, म्हणून मूळ प्रती कोणाकडेही सोडून येऊ नयेत. माझी मूळ प्रत एका कार्यालयात राहिली आणि ती परत मिळवण्यासाठी मला गावी दोन फेऱ्या कराव्या लागल्या.

घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेला जरूर जावे. ज्यांना मोठ्या सभेत बोलायला संकोच वाटतो त्यांची साक्ष अशा दहा-बारा माणसांत सहज निघते. कापणीच्या उपकारस्तुतीचा सणही चुकवू नये. आमच्याकडे धान्य, भाज्या, नारळ, कोंबड्या असे जे येईल ते वेदीजवळ ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मुंबई-ठाणे परिसरातली मूळची ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात, त्यात नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो. ज्या मुलांनी भात फक्त कुकरमध्ये पाहिला आहे त्यांना तेथे घेऊन जावे.

देणगीबद्दल एवढेच सांगते की ती झेपेल तेवढी आणि आनंदाने द्यावी. ‘इतके द्या म्हणजे देव इतक्या पटीने परत करील’ असा हिशेब जेथे मांडला जातो तेथून उठून यावे.

पायरी ८: दुःखाच्या दिवसांत काय करावे

वडील गेले तेव्हा मी ही वही जवळपास वर्षभर लिहीत होते. मातीला जमलेल्या लोकांतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटले की रडू नये, सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी अशी आज्ञा आहे. त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यानंतर सात महिने माझ्या तोंडून प्रार्थना निघाली नाही. ज्या देवाला माझ्या बापाच्या मरणाबद्दल धन्यवाद हवे होते, त्याच्याशी काय बोलावे हे मला कळत नव्हते.

जे मला फार उशिरा समजले ते तुम्हाला आधीच सांगते. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल ‘सर्व स्थितीत’ असे लिहितो. त्या शब्दाच्या शेवटी ‘त’ आहे. दुःखाच्या आत असताना देवाकडे वळणे शक्य आहे, आणि त्यासाठी दुःखालाच चांगले म्हणावे लागत नाही. इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असेही आले आहे, हे मला ठाऊक आहे, आणि ती ओवी मी टाळत नाही. परंतु तिचा अर्थ लावताना मी योहानाचा अकरावा अध्याय उघडते. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. त्याच कबरेपाशी, थोड्याच वेळात, त्याने डोळे वर करून पित्याचे आभार मानले. एकाच तोंडाने, एकाच दुपारी, दोन्ही गोष्टी झाल्या, आणि आभार मानताना त्याने आधीचे रडणे मागे घेतले नाही.

म्हणून शोकाच्या काळात पुढीलप्रमाणे करावे. सकाळचे १०३ वे स्तोत्र बाजूला ठेवून १३ वे किंवा ८८ वे वाचावे. तेराव्यात ‘किती वेळ?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून ठेवलेले आहे. वहीत पहिल्या ओळीत उपकार सुचला नाही तर तक्रार लिहावी, पण ती देवाला उद्देशून लिहावी. माझ्या वहीत तीन आठवडे केवळ ‘का?’ एवढेच लिहिलेले आहे, खाली तारीख. त्यानंतरची पहिली वेगळी नोंद अशी आहे: ‘शेजारच्या काकूंनी न विचारता डाळभात आणून ठेवला.’ त्या काकू ख्रिस्ती नाहीत. देवाने माझी भाकर त्या दिवशी त्यांच्या हाती दिली होती.

अशा वेळी मला पंडिता रमाबाईंचाही आधार वाटतो. दुष्काळात आईवडील गेले, पती लवकर गेले, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या काळात त्या केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पूर्णत्वास नेत होत्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मनात काय चालले असेल हे मी सांगू शकत नाही. रोजच्या रोज पुढची ओवी भाषांतरित करणे हे त्यांनी केले, आणि कठीण दिवसांत मी तेवढेच अनुकरण करते: पुढची एक ओवी, पुढची एक भाकर.

दुःख महिनोन्‌महिने उतरत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, जगू नये असे वाटत असेल, तर पाळकांसोबतच डॉक्टरांकडेही त्वरित जावे. औषध घेणे हा विश्वासाचा अभाव नाही. तसे कोणी म्हणाले तर त्यांचे ऐकू नये.

पायरी ९: खंड पडल्यावर

खंड पडणारच. मुलाच्या परीक्षा, पाहुणे, आजारपण, पावसाळ्यात बंद पडलेल्या गाड्या यांमुळे पंधरा पंधरा दिवस वही उघडली जात नाही. अशा वेळी राहिलेल्या तारखा भरून काढू नयेत आणि नवी वही विकत आणून नव्याने सुरुवातही करू नये. जेथे थांबलात त्या ओळीखाली एक रेघ मारावी, आजची तारीख घालावी आणि आजचा एकच उपकार लिहावा. माझ्या चार वह्यांत मिळून अशा एकतीस रेघा आहेत. कालची नोंद शेवटच्या रेघेनंतरची तिसरी होती: ‘पाणी सकाळी वेळेवर आले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भाऊंना प्रथमच नाव विचारले.’